स्वस्त राहणी आणि जीवनाची गुणवत्ता : अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचा अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेतील पन्नास राज्यांची राहणीखर्चानुसार क्रमवारी लावली, तर सर्वांत स्वस्त राज्यांच्या गटात मिसिसिपी हे दक्षिणेकडील राज्य सातत्याने आढळते. याच राज्यांची सरासरी आयुर्मानानुसार क्रमवारी लावली, तर मिसिसिपी अगदी शेवटच्या क्रमांकांत दिसते. जेथे घर, जमीन आणि भाडे सर्वांत परवडणारे, तेथेच माणसाचे आयुष्य सर्वांत तोकडे, ही विसंगती अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. हा केवळ योगायोग आहे, की या दोन्ही गोष्टींमागे काही समान कारणे आहेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची मांडणी पुढील सूत्राभोवती केली आहे. राहणीखर्च कमी असणे हा कुटुंबाच्या खासगी जमाखर्चाचा लाभ आहे; जीवनाची गुणवत्ता मात्र बहुतांशी सार्वजनिक व्यवस्थांवर अवलंबून असते. मिसिसिपीतील स्वस्ताई काही अंशी या सार्वजनिक व्यवस्थांच्या दुबळेपणातूनच निर्माण झाली आहे. तथापि ही स्थिती अटळ नाही, हेही याच राज्याच्या प्राथमिक शिक्षणातील अलीकडील अनुभवाने दाखवून दिले आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

राहणीखर्च, राहणीमान आणि जीवनाची गुणवत्ता हे तीन शब्द व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. अभ्यासाच्या दृष्टीने त्यांत भेद करणे आवश्यक आहे. ठरावीक वस्तू व सेवा विकत घेण्यासाठी एखाद्या ठिकाणी किती पैसे लागतात, हे राहणीखर्चावरून कळते. मिळणाऱ्या उत्पन्नात त्या ठिकाणी प्रत्यक्षात किती वस्तू व सेवा घेता येतात, हे राहणीमानावरून कळते. जीवनाची गुणवत्ता ही याहून व्यापक संकल्पना आहे. आरोग्य, शिक्षण, सुरक्षितता, शुद्ध पाणी, सामाजिक संबंध आणि स्वतःच्या जीवनाविषयी निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य या साऱ्यांचा तीत समावेश होतो.

मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या जीवनाच्या भौतिक गुणवत्ता निर्देशांकात आयुर्मान, बालमृत्यू आणि साक्षरता हे तीन घटक होते. उत्पन्नाचा समावेश त्यात जाणीवपूर्वक केलेला नव्हता. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेल्या मानव विकास अहवालाने उत्पन्नाला आरोग्य व शिक्षण यांच्या बरोबरीचे स्थान दिले. अमर्त्य सेन यांच्या मते माणसाजवळ काय आहे, यापेक्षा तो काय करू शकतो व काय होऊ शकतो, हे अधिक महत्त्वाचे असते. महाराष्ट्र राज्याचा २००२ चा मानव विकास अहवाल याच परंपरेतील असल्याने ही दृष्टी आपल्याकडील अध्यापकांना परिचित आहे. तीच दृष्टी येथे एका संपन्न देशातील तुलनेने गरीब राज्याला लावून पाहिली आहे.

राज्याचा परिचय

मिसिसिपी हे १८१७ मध्ये संघराज्यात सामील झालेले विसावे राज्य होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २९,६१,२७९ इतकी होती. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के असून कोणत्याही राज्यातील ते सर्वाधिक प्रमाण आहे. जॅक्सन ही राज्याची राजधानी. राज्याच्या वायव्य भागातील सुपीक सपाट प्रदेशाला ‘डेल्टा’ असे संबोधले जाते. कापसाच्या मळ्यांचा हा प्रदेश राज्याच्या संपत्तीचे आणि दारिद्र्याचेही मूळ आहे.

१८६० च्या जनगणनेत राज्याच्या सुमारे ७ लाख ९१ हजार लोकसंख्येपैकी ४ लाख ३६ हजारांहून अधिक माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली होती. गुलामगिरी संपल्यानंतर बटाईच्या शेतीने मजुराला कर्जात आणि जमिनीशी बांधून ठेवले. १८९० च्या राज्यघटनेने मतदान कर व साक्षरता चाचणी यांच्या आधारे कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारतः काढून घेतला. १९६५ च्या केंद्रीय मताधिकार कायद्यानंतरच ही स्थिती पालटली. मतदारांपैकी मोठ्या वर्गाला राज्यकारभारात स्थान नसताना सार्वजनिक शाळा आणि दवाखाने यांच्यावर खर्च करण्याची निकड राज्यकर्त्यांना भासली नाही. आजची आकडेवारी वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

आकडेवारी काय सांगते ?

अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण विभागातर्फे दरवर्षी प्रत्येक राज्याची क्षेत्रीय किंमत समता प्रसिद्ध केली जाते. देशाची सरासरी किंमतपातळी १०० मानली, तर अलीकडील वर्षांत मिसिसिपीची पातळी ८७ च्या आसपास आहे. म्हणजे देशात सरासरी १०० डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा येथे सुमारे ८७ डॉलरला मिळतात. अन्य काही निर्देशक पुढील तक्त्यात दिले आहेत.

तक्ता क्र. १ : मिसिसिपी व अमेरिका, निवडक निर्देशक

| निर्देशक | मिसिसिपी | अमेरिका |
|---|---|---|
| किंमतपातळी, अलीकडील वर्षे | सुमारे ८७ | १०० |
| घराची मध्यम किंमत, २०१८ ते २०२२ | सुमारे १.५ लाख डॉलर | सुमारे २.८ लाख डॉलर |
| कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न, २०२३ | सुमारे ५४ हजार डॉलर | सुमारे ७८ हजार डॉलर |
| दारिद्र्याचे प्रमाण, २०२३ | सुमारे १८ टक्के | सुमारे १२.५ टक्के |
| सरासरी आयुर्मान, २०२१ | ७०.९ वर्षे | ७६.४ वर्षे |
| अर्भक मृत्युदर, दर हजार जन्मांमागे, २०२२ | ९.१ | ५.६ |

या तक्त्यातील आयुर्मानाचे आकडे कोविडच्या साथीच्या काळातील आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि साथीपूर्वीच्या वर्षांतही हे राज्य आयुर्मानाच्या क्रमवारीत शेवटच्या दोन-तीन क्रमांकांतच होते.

स्वस्ताईने कमी उत्पन्नाची भरपाई होते काय, हे साध्या गणिताने तपासता येते. मिसिसिपीतील कुटुंबाचे ५४ हजार डॉलरचे मध्यम उत्पन्न तेथील किंमतपातळीनुसार समायोजित केले, म्हणजे ०.८७ ने भागले, तर ते सुमारे ६२ हजार डॉलर इतके होते. देशाच्या मध्यम उत्पन्नाशी असलेली २४ हजार डॉलरची तफावत अशा रीतीने सुमारे १६ हजार डॉलरपर्यंत खाली येते. याचाच अर्थ असा की, स्वस्ताईमुळे तफावतीचा साधारण एक-तृतीयांश भाग भरून निघतो. दोन-तृतीयांश भाग तसाच उरतो. राहणीखर्च कमी असूनही राहणीमान देशाच्या सरासरीच्या खालीच राहते.

स्वस्ताईचा लाभ कोणाला ?

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. ज्याचे उत्पन्न राज्याबाहेरून येते, त्याच्या दृष्टीने मिसिसिपी खरोखरच स्वस्त आहे. अन्य राज्यात नोकरी करून निवृत्तीनंतर येथे आलेला गृहस्थ आपले निवृत्तिवेतन सोबत घेऊन येतो. अशा निवृत्तिवेतनावर राज्याचा प्राप्तिकर साधारणतः आकारला जात नाही. एखाद्या महानगरातील कंपनीचे काम घरी बसून करणाऱ्यालाही हीच सोय उपलब्ध होते. महानगरातील पगार आणि मिसिसिपीतील घरभाडे हा मेळ निश्चितच फायद्याचा ठरतो.

ज्याची कमाईच राज्यातील आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. मिसिसिपीत राज्याचा स्वतंत्र किमान वेतन कायदा नाही. त्यामुळे जुलै २००९ पासून न बदललेला तासाला ७.२५ डॉलर हा केंद्रीय दरच तेथे लागू होतो. या दराने वर्षभर पूर्णवेळ काम केल्यास सुमारे १५ हजार डॉलर हाती येतात. किराणा मालावर जून २०२५ पर्यंत राज्याचा ७ टक्के विक्रीकर होता. जुलै २०२५ पासून तो ५ टक्के करण्यात आला. अन्नावरील कराचा भार गरिबावर प्रमाणाने अधिक पडतो, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. याखेरीज सार्वजनिक वाहतूक अत्यल्प असल्याने बहुतेक कुटुंबांना मोटार बाळगावीच लागते. प्रदीर्घ उष्ण व दमट उन्हाळ्यामुळे वातानुकूलनाचा वापर वाढतो आणि वीजदर कमी असला तरी वीजबिल कमी येत नाही. घराच्या बाबतीत वाचलेला पैसा अशा प्रकारे इतर वाटांनी खर्च होतो.

स्वस्ताईची कारणे

घरांच्या किमती कमी असण्यामागे मुबलक जमीन हे एक कारण आहे. परंतु तेवढेच कारण असते, तर स्वस्त घरांच्या ओढीने लोक येथे मोठ्या संख्येने आले असते. प्रत्यक्षात २०१० ते २०२० या दशकात देशाची लोकसंख्या सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढली असताना मिसिसिपीची लोकसंख्या सुमारे सहा हजारांनी घटली. त्या दशकात लोकसंख्या घटलेली अशी केवळ तीन राज्ये होती. किंमत कमी असूनही मागणी वाढत नसेल, तर वस्तूत काही उणीव आहे असा निष्कर्ष बाजाराचा कोणताही विद्यार्थी काढील. येथे ती वस्तू म्हणजे घर नसून घराभोवतीचे सार्वजनिक जीवन आहे.

करव्यवस्थेतही हेच सूत्र दिसते. राज्यघटनेनुसार महसूलविषयक विधेयक संमत होण्यासाठी प्रत्येक सभागृहात उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या तीन-पंचमांश मतांची आवश्यकता असते. घरमालकांवरील मालमत्ता कराचा बोजा देशात कमी समजला जातो. घरमालकाच्या दृष्टीने हा फायदा आहे. पण अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागविला जातो. ज्या तालुक्यासारख्या घटकात, म्हणजे काउंटीत, घरांच्या किमती आधीच कमी आहेत, तेथे कराचा दर वाढवूनही पुरेसा निधी जमत नाही. डेल्टातील काउंट्यांची ही नित्याची अडचण आहे. अशा रीतीने स्वस्त घर, कमी कर, दुबळी शाळा आणि त्यामुळे पुन्हा स्वस्त घर असे एक वर्तुळ पूर्ण होते.

आरोग्य : स्वस्ताईची किंमत

राज्याच्या वैद्यकीय क्षेत्राला अभिमानास्पद परंपरा आहे. जगातील पहिले मानवी फुप्फुस प्रत्यारोपण १९६३ मध्ये जॅक्सन येथील विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात डॉ. जेम्स हार्डी यांनी केले. परंतु एका केंद्रातील कौशल्य आणि संपूर्ण राज्यातील आरोग्यसेवा या दोन भिन्न बाबी आहेत.

२०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने अल्प उत्पन्न गटासाठी असलेल्या मेडिकेड या योजनेची व्याप्ती वाढविण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधील निकालाने हा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोपविला गेला. विस्तारित लाभार्थ्यांच्या खर्चाचा ९० टक्के भाग केंद्राने उचलण्याची तरतूद असूनही मिसिसिपीने २०२५ अखेरपर्यंत तो स्वीकारला नव्हता. २०२४ मध्ये विधिमंडळात या विषयावर गंभीर चर्चा झाली, पण ती निष्फळ ठरली. विमा नसलेल्या रुग्णांवरील उपचारांचा भार ग्रामीण रुग्णालयांवर पडतो. डेल्टातील ग्रीनवूड येथील रुग्णालयाने २०२२ मध्ये आपला प्रसूती विभाग बंद केला. अशा प्रसंगी गर्भवती स्त्रीला दूरच्या गावी जावे लागते. घराचे भाडे कमी असले, तरी प्रसूतीसाठीचे हे अंतर त्या हिशेबात कोठेच धरले जात नाही.

राज्याने काही पावले उचलली, हेही नमूद केले पाहिजे. प्रसूतीनंतर मेडिकेडचे संरक्षण पूर्ण वर्षभर देण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. मात्र २०२४ चा अर्भक मृत्युदर हजारी ९.७ इतका वाढल्याचे दिसून आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने याच प्रश्नावर सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. अर्भक मृत्यूचा प्रश्न साथीच्या रोगाइतकाच तातडीचा आहे, याची ही अधिकृत कबुली होय.

जॅक्सनचा पाणीपुरवठा : एक उदाहरण

सार्वजनिक व्यवस्थेवरील खर्च लांबणीवर टाकल्याचा परिणाम काय होतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे राजधानी जॅक्सन. १९८० मध्ये या शहराची लोकसंख्या २ लाख २ हजारांहून अधिक होती. २०२० मध्ये ती सुमारे १ लाख ५४ हजारांवर आली. शाळांतील वर्णविभाजन १९७० च्या सुमारास न्यायालयीन आदेशाने संपुष्टात आल्यानंतर श्वेतवर्णीय कुटुंबे मोठ्या प्रमाणात खासगी शाळांकडे आणि उपनगरांकडे वळली. पुढे कृष्णवर्णीय मध्यमवर्गही शहराबाहेर पडू लागला. करदाते गेले, पण जमिनीखालील जलवाहिन्या मूळच्या मोठ्या शहरासाठी होत्या तेवढ्याच राहिल्या. कमी झालेल्या करदात्यांना त्यांची देखभाल परवडेनाशी झाली.

फेब्रुवारी २०२१ मधील थंडीच्या लाटेत शहराच्या अनेक भागांत पाणीपुरवठा बंद पडला. ऑगस्ट २०२२ मध्ये पर्ल नदीला पूर आला आणि आधीच खिळखिळे झालेले मुख्य जलशुद्धीकरण केंद्र कोलमडले. सुमारे दीड लाख नागरिकांच्या नळाला पिण्यायोग्य पाणी येईनासे झाले. केंद्र सरकारने आणीबाणी घोषित केली. त्याच वर्षी केंद्रीय न्यायालयाने पाणीव्यवस्थेवर त्रयस्थ व्यवस्थापक नेमला आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसने त्यासाठी ६० कोटी डॉलर मंजूर केले. वर्षानुवर्षे वाचविलेला पैसा अखेरीस कितीतरी पटींनी खर्च करावा लागला.

शिक्षण : बदलाची शक्यता

आतापर्यंतच्या विवेचनावरून मिसिसिपीचे चित्र निराशाजनक वाटण्याची शक्यता आहे. परंतु प्राथमिक शिक्षणाचा अनुभव वेगळा आहे. देशभर एकाच पद्धतीने घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शैक्षणिक प्रगती मूल्यमापन चाचणीत २०१३ साली चौथीच्या वाचनात मिसिसिपी ४९ व्या क्रमांकावर होते. २०१९ मध्ये त्याची सरासरी गुणसंख्या २१९ झाली व ती देशाच्या सरासरीला येऊन भिडली. २०२४ मध्ये देशाची सरासरी २१४ वर घसरली असताना मिसिसिपीने २१९ हे गुण टिकवून धरले आणि ते पहिल्या दहा राज्यांत गणले गेले.

या बदलामागे दीर्घ पूर्वतयारी होती. राज्यपाल विल्यम विंटर यांच्या कारकिर्दीत १९८२ मध्ये झालेल्या शिक्षण सुधारणा कायद्याने सार्वजनिक बालवर्गांची सोय झाली. राज्यातील उद्योजक जिम बार्क्सडेल यांनी २००० मध्ये वाचनशिक्षणासाठी १० कोटी डॉलरची देणगी दिली. २०१३ च्या साक्षरता कायद्याने पुढील गोष्टी निश्चित केल्या. शिक्षकांना ध्वनी व अक्षर यांच्या संबंधावर आधारित वाचनशिक्षणाचे प्रशिक्षण द्यावे. दुबळ्या शाळांत राज्याने नेमलेले वाचन मार्गदर्शक पाठवावेत. मागे पडणारे मूल लवकर ओळखून पालकांना कळवावे. आणि तिसरीअखेर किमान वाचन न येणाऱ्या मुलाला पुढील वर्गात ढकलू नये. यासाठीची वार्षिक तरतूद सुमारे दीड कोटी डॉलर, म्हणजे राज्याच्या अंदाजपत्रकाच्या मानाने अगदी अल्प होती.

मुलांना तिसरीत थांबविल्यामुळे चौथीचे गुण फुगतात, अशी टीका काही अभ्यासकांनी केली आहे. आठवीचे वाचन अद्याप देशाच्या सरासरीच्या किंचित खाली आहे, हेही खरे. हे आक्षेप गृहीत धरूनही एक गोष्ट शिल्लक राहते. राज्य स्वस्तच राहिले, उत्पन्नही फारसे वाढले नाही. तरीही एका सार्वजनिक व्यवस्थेकडे दशकभर चिकाटीने लक्ष दिल्याने लहान मुलांच्या जीवनात मोजता येईल असा फरक पडला. दारिद्र्य आहे म्हणून मुले शिकणार नाहीत, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

आकड्यांपलीकडील बाजू

जीवनाची गुणवत्ता केवळ शासकीय निर्देशकांत सामावत नाही. मिसिसिपीतील सुमारे ७० टक्के कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. देशाचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आहे. चर्च, नातेगोते आणि शेजार यांचे बंध तेथे दृढ आहेत. ब्लूज संगीत डेल्टाच्या मातीतून आले आणि विल्यम फॉकनर यांच्यासारखा नोबेल पारितोषिकप्राप्त लेखक याच राज्याने दिला. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळात किनारपट्टी उद्ध्वस्त झाली, तेव्हा ही सामाजिक वीण अनेकांना आधार देणारी ठरली. मात्र शेजाऱ्याचा आधार प्रसूतिगृहाची किंवा जलशुद्धीकरण केंद्राची जागा घेऊ शकत नाही. समाजाचा आधार आणि शासनाची व्यवस्था परस्परपूरक आहेत. एक दुसऱ्याला पर्याय नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, राहणीखर्चाच्या क्रमवारीवरून जीवनाच्या गुणवत्तेचा अंदाज बांधणे दिशाभूल करणारे आहे. किंमत कमी का आहे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. दुसरा, स्वस्ताईचा पूर्ण लाभ बाहेरचे उत्पन्न असणाऱ्यालाच होतो. स्थानिक वेतनावर जगणाऱ्याला त्यातून अंशतःच भरपाई मिळते. तिसरा, सार्वजनिक सेवांवरील खर्च टाळून मिळविलेली स्वस्ताई ही बचत नसते. तो खर्च आजारपण, अर्भक मृत्यू आणि कोरडे नळ यांच्या रूपाने पुढे ढकललेला असतो व तो बहुधा सर्वांत दुर्बल घटकाकडून वसूल होतो. चौथा, हे दुष्टचक्र मोडता येते आणि त्यासाठी राज्य आधी श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागत नाही.

पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ इच्छिणारे आपले विद्यार्थी अनेकदा केवळ घरभाडे व शुल्क यांच्या आधारे ठिकाणाची निवड करतात. त्यांना मार्गदर्शन करताना आणि विकासाचे अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा लोकप्रशासन शिकविताना मिसिसिपीचे उदाहरण उपयुक्त ठरेल. स्वस्त घराचा पत्ता सांगितल्यावर तेथून जवळचे रुग्णालय किती दूर आहे, नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे काय आणि तिसरीतील मुलाला वाचता येते काय, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने आपणहून विचारावेत, एवढी दृष्टी त्याला वर्गात मिळाली पाहिजे.